तिबेटी धाटणीची हातघडाईची तलवार: घ्यायची कशी, जपायची कशी

पहिला गंज मला दिसला तो माझ्याच अंगठ्याचा. अक्षरशः अंगठ्याचा ठसा, मुठीपासून चार बोटं पुढे, रेघ न रेघ मोजता येईल असा तांबूस. झालं असं की एका पाहुण्यांना दाखवताना पातं नकळत अंगठ्याने धरलं गेलं, तशीच म्यानात सारली, आणि मग दमट हवेचे तीन महिने तिच्याकडे बघितलंच नाही. घामात मीठ असतं, थोडी आंबटाई असते, आणि हे पातं साध्या कार्बन स्टीलचं, त्याला तेवढं पुरे होतं. तो डाग मी काढला पण बाजूच्या पात्यापेक्षा ती जागा अजून किंचित निस्तेज दिसते, तिरकं धरलं की ओळखू येते. म्हणून हे सगळं लिहितोय, तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते नीट समजून घ्या, नाहीतर जपायचं काय तेच कळत नाही. तलवार म्हटली की आपल्याला वक्र पात्याची समशेर आठवते, तिबेटी तलवार बहुतेक वेळा सरळ असते, धार एकाच बाजूला, टोक तिरकं छाटल्यासारखं, परज, म्हणजे मुठीपुढची हात वाचवणारी आडवी पट्टी, अगदी बारकी, मुठीच्या शेवटी तीन पाकळ्यांसारखी चांदीची टोपी. म्यान लाकडाचं, त्यावर चामडं किंवा चांदीचा ठोकून उठवलेला पत्रा, त्यात पोवळं आणि फिरोजा. खांम भागातले, म्हणजे पूर्व तिबेटातले लोक ती कमरेच्या पट्ट्यात पोटासमोर आडवी खोचतात. आजही खांममधल्या लिथांगच्या घोडदौडीच्या उत्सवाला खांपा, म्हणजे खांमची मंडळी नटून येतात तेव्हा कमरेला तलवारी आणि सुऱ्या दिसतातच.

आणि पात्यावरच्या त्या रेघा! माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकतो. जुन्या पद्धतीने घडवलेल्या पात्यावर फिकट आणि गडद रेघा लांबीभर धावतात आणि टोकाशी आल्या की वळून परत फिरतात, केसांच्या आकड्यासारख्या. हे वरून काढलेलं नक्षीकाम नाही. लोहार कडक आणि मऊ अशा दोन जातींच्या लोखंडाच्या पट्ट्या एकाआड एक ठेवून, भट्टीत लाल करून, ठोकून ठोकून एकजीव करतो. तिबेटीत कडक लोखंडाला नर आणि मऊ लोखंडाला मादी म्हणतात, मला हे फार आवडतं, कारण पातं टिकतं ते दोघांच्या जोडीनेच, नुसतं कडक असलं तर तडकेल आणि नुसतं मऊ असलं तर वाकेल. कार्बनचं प्रमाण वेगळं म्हणून दोघांचा रंगही वेगळा दिसतो. त्यात त्या माणसाचा हात दिसतो, कुठे रेघ जरा जाड झालीय, कुठे थोडी भरकटलीय. तिबेटी समाजात लोहाराला मान मात्र फार खालचा होता, तलवार मिरवायची आणि ती घडवणाऱ्याला लांब बसवायचं, हे वाचलं तेव्हापासून मला त्या रेघांवर सँडपेपर फिरवायची कल्पनासुद्धा सहन होत नाही. त्या माणसाने मागे ठेवलेलं तेवढंच असतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: चकचकीत करायच्या मागे लागू नका. सँडपेपर नको, बफिंगचं मशीन तर अजिबात नको, त्याने पातं तापतं आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरतं, म्हणजे धारेचा कडकपणाच जातो, आणि रेघा पुसट होतात त्या वेगळ्या.

घेताना काय बघायचं

खांममधलं देर्गे धातुकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं, जवळच्या पेल्युल भागातलं होर्पो गाव सुऱ्या-तलवारींसाठी प्रसिद्ध, आणि शिगात्सेकडे ल्हात्सेच्या सुऱ्यांचं नाव आहे. पण नाव सांगून विकलेली प्रत्येक तलवार तिथली असते असं नाही, त्यामुळे वस्तू हातात घेऊन बघायची.

आधी पातं डोळ्यासमोर धरून पाठीवरून टोकाकडे नजर टाका, बंदुकीचा नेम धरतात तसं. बाक किंवा पीळ असेल तर लगेच दिसतो. मग खिडकीच्या उजेडात पातं हळूहळू कलतं करा. घडाईच्या रेघा उजेडाबरोबर कधी ठळक होतात कधी विरतात आणि पात्याच्या पाठीवरही दिसतात, कारण त्या धातूच्या आत आहेत. ऍसिडने किंवा लेझरने वरवर उमटवलेलं डिझाइन सगळीकडे एकसारखं दिसतं, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं हुबेहूब, आणि पाठीवर येऊन मध्येच संपतं. विकणाऱ्याला सरळ विचारा की स्टील कुठलं, पाणी दिलंय का, नुसतं भिंतीवर लावायला केलंय की खरंच तलवार म्हणून. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलतो.

मूठ धरून अगदी हलका झटका द्या आणि कान लावा. आतून खट्‌ असा आवाज आला तर पात्याचा मुठीतला भाग सैल आहे, ती घेऊ नका, कितीही सुंदर असली तरी. म्यानात घातल्यावर पातं तोंडाशी अलगद बसलं पाहिजे, उलटी केली तर घसरता कामा नये आणि ओढताना जोरही लागता कामा नये. खड्यांचं म्हणाल तर फिरोजा म्हणून रंगवलेला पांढरा दगड आणि पोवळं म्हणून लाल रेझिन भरपूर वापरतात. तिबेट समुद्रापासून किती लांब, तिथे जुन्या काळी पोवळं भूमध्य समुद्राकडून व्यापाऱ्यांच्या हातून हातून यायचं, त्यामुळे ते कायमच महाग होतं. नव्या तलवारीत नकली खडे असले म्हणून ती तलवार वाईट ठरत नाही, फक्त तसं सांगून विकलेली असावी.

माझं स्पष्ट मत आहे की हौसेसाठी नवी, आजच्या लोहाराने घडवलेलीच घ्यावी. एकतर त्याच्या हाताला काम मिळतं. दुसरं, जुन्या वस्तूंचं प्रकरण कायद्याने नाजूक आहे, चीनच्या नियमांनुसार अल्पसंख्याक समाजांच्या सांस्कृतिक वारशात मोडणाऱ्या १९६६ च्या आधीच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि तिसरं मनाला लागणारं, जुन्या तलवारींपैकी बऱ्याच मठांच्या गोनखांगमध्ये, म्हणजे रक्षक देवतांच्या दालनात, कुणीतरी वाहिलेल्या होत्या. अशी वस्तू बाजारात कशी आली हा प्रश्न मला तरी झोपू देणार नाही.

हातात कशी घ्यायची

म्यानातून काढताना धारेच्या बाजूला बोटं वेटोळून म्यान धरू नका. म्यान दोन लाकडी फळ्यांचं, जुनं झालं की सांधा उकलतो आणि धार त्या फटीतून थेट बोटात येते. म्यान पाठीच्या बाजूने तळव्यात धरा, तलवार आडवी, धार वरच्या बाजूला, आणि पात्याची पाठ म्यानाच्या आत टेकवून सरळ रेषेत सावकाश ओढा. आत घालतानाही तसंच, पाठ टेकवून. धार लाकडावर घासत गेली की दरवेळी आतून भुसा निघतो आणि धारही मरते.

पात्याला बोट लावायचं नाही. कोणीही नाही. सुती हातमोजे घालून बघायला द्या, किंवा एक मऊ सुती कापड पात्याखाली धरायला द्या. दुसऱ्याच्या हातात देताना टेबलवर ठेवा, त्याला उचलू दे, हातातून हातात नको. पातं बघताना तोंडाजवळ धरून बोलूही नका, श्वासातली वाफ आणि थुंकीचे कण बसतात, आठवड्यात बारीक बारीक ठिपके.

आणि फिरवू नका. तिबेटी दंतकथेत द्रिगुम त्सेन्पो नावाचा राजा आहे, आधीचे राजे मरताना आकाशदोरीने स्वर्गात परत जायचे म्हणे, हा मात्र लोंगम नावाच्या माणसाशी लढताना डोक्यावरून तलवार फिरवतो आणि स्वतःचीच दोरी कापून बसतो, म्हणून तो पहिला मर्त्य राजा. घरात तर वर पंखा असतो, मागे मूल उभं असतं.

तेल-पाणी, म्हणजे पाणी सोडून सगळं

आता रोजच्या कामाचं. ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, हवा वर्षातला बराच काळ कोरडी, तिथे पातं थोडं दुर्लक्षिलं तरी तग धरतं. खाली दमट हवेत, समुद्राजवळ, तीच तलवार वेगळ्याच जगात येते. हवेतला ओलावा ६० टक्क्यांच्या वर राहिला की लोखंड गंजायला लागतं, म्हणून दमट दिवसांत महिन्यातून एकदा आणि कोरड्या दिवसांत दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करायचं. शिवाय कोणी हाताळली की त्याच दिवशी.

लागतं ते एवढंच: जुन्या बनियनचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, तीन तुकडे. शिलाई मशीनचं तेल किंवा दुसरं कुठलंही हलकं शुद्ध मिनरल ऑइल. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. खोबरेल, शेंगदाणा, करडई असली स्वयंपाकाची तेलं अजिबात नकोत, ती हवेने चिकट होतात, खवट होतात आणि त्या चिकट्यावर धूळ बसून पुढे तीच घासत राहते.

पहिल्या कापडाने जुनं तेल पुसून घ्या, नेहमी पाठीकडून पातं चिमटीत धरून, मुठीपासून टोकाकडे, एकाच दिशेने, उलट कधीच नाही कारण उलट येताना कापड आणि बोट दोन्ही धारेवर येतात. दुसऱ्या कापडाला अल्कोहोलचा नुसता ओलसरपणा द्या, थेंब पडता कामा नये, आणि पुन्हा तसंच पुसा. मुठीच्या अलीकडे दोन बोटं जागा सोडा, कारण मुठीत किंवा खड्यांखाली लाख भरलेली असली तर अल्कोहोलने ती विरघळते आणि खडा सुटून येतो. त्या दोन बोटांच्या जागेला कोरडं कापड पुरतं. पाच मिनिटं थांबा. आता उजेडात तिरकं धरून बघा, कारण पातं उघडं असतं ते याच वेळी, नवा ठिपका असेल तर आत्ताच दिसेल. मग तिसऱ्या कापडावर तेलाचे दोन थेंब, एका बाजूला एक पुरतो, सगळीकडे फिरवा आणि पुन्हा कोरड्या भागाने पुसून टाका. तेल दिसायला नको, नुसती ओलसर झाक राहिली पाहिजे.

जास्त तेल लावणं ही प्रेमाने केलेली चूक आहे आणि बहुतेक सगळे ती करतात. ते तेल म्यानाच्या तळाशी उतरतं, लाकूड पितं, धूळ आणि भुसा त्यात कालवला जातो आणि त्याची पेस्ट बनते, पॉलिश पेपरसारखी, मग दरवेळी तलवार आतबाहेर करताना पात्यावर लांब लांब ओरखडे. वर्षातून दोनदा म्यान रिकामं करून, उलटं धरून, तोंड खाली करून हलकं टपटप करा, काय काय पडतं ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

महिनोन्‌महिने हात लावणार नसाल तर तेलाऐवजी मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स लावा, संग्रहालयवाले वापरतात ते, अगदी पातळ थर, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसून. ते चांदीवरही चालतं.

गंज आलाच तर

घाबरू नका आणि घाईही करू नका. आधी रंग बघा. काळसर, तपकिरी, सपाट, बोटाला काही लागत नाही असा थर असेल तर ते पात्याचं वय आहे, ते राहू द्या. नारिंगी-तांबडी, भुसभुशीत पूड असेल तर तो जिवंत गंज, तो थांबवायला हवा. त्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीचं चपटं टोक किंवा तांब्याच्या नाण्याची कड घेऊन हळूहळू खरवडा, तांबं स्टीलपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि पात्याला ओरखडा जात नाही. अंगठ्याच्या त्या ठशावर मला असे चार दिवस लागले, रोज थोडं थोडं. त्याने नाही गेलं तरच चार शून्यांची (०००० छापलेली, अगदी बारीक) स्टील वूल तेलात भिजवून, रेघांच्याच दिशेने, चार-पाच हलके हात, आणि थांबायचं. गोल गोल कधी घासू नका. खड्डा पडला असेल तर तो राहणार, आजूबाजूचं पातं झिजवून त्याला सपाट करण्यात काही अर्थ नाही. नेटवर गंज काढायची ऍसिडं मिळतात, त्यांनी गंजाबरोबर रेघांचा रंगही बदलतो, एकदा बदलला की परत येत नाही.

धारेलाही हात लावू नका. बोथट असली तर असू दे. दगडावर लावलेली प्रत्येक धार पात्यातलं थोडं लोखंड खाते, आणि कडेच्या रेघा त्यातच जातात.

चांदी, पोवळं, फिरोजा, चामडं

इथे आपली चांदी घासायची सवय आड येते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाजारातलं चांदी बुडवायचं लिक्विड, सगळं आंबट, आणि पोवळं म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, खडूचंच भावंड, ते आंबटाने खरोखर विरघळतं, चमक जाऊन वरून पिठूळ होतं. फिरोजाचं दुखणं उलटं, तो सच्छिद्र असतो, तेल, घाम, साबण सगळं पितो आणि निळ्याचा हिरवा होत जातो. म्हणून पात्याला लावायच्या तेलाचे हात मुठीला लागू देऊ नका, आधी हात धुऊन कोरडे करा. खडे पुसायचे ते कोरड्या, फार तर किंचित ओल्या कापडाने, लगेच कोरडं करून.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. उठावाच्या नक्षीत खोलगट भागातला काळेपणा मुद्दाम ठेवा, त्यामुळेच ड्रॅगनचे खवले आणि ढगांची वळणं उठून दिसतात, सगळं पांढरंफटक केलं की नक्षी सपाट वाटते. वरच्या कडा मऊ कापडाने घासल्या की पुरे. सोन्याचा मुलामा असेल तिथे घासायचंच नाही. रबर बँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र यांत तलवार गुंडाळू नका, त्यांतून गंधक आणि आम्ल सुटतं.

चामड्याला तेल पाजू नका, धूळ मऊ ब्रशने झटका. चामड्याला पितळ-तांब्याची खिळी टेकते तिथे हिरवा मेणासारखा थर धरतो, तो लाकडी टूथपिकने हळूच काढा, बाकी काही नको.

ठेवायची कुठे

आडवी ठेवा, दोन लाकडी टेकूंवर, टेकूंना सुती कापड लावून. बाहेरच्या भिंतीवर नको कारण ती ओल ओढते, खिडकीसमोर नको कारण उन्हाने म्यानाचं लाकूड आकसतं आणि सांधा उकलतो. लांबच्या मुक्कामाला पातं म्यानाबाहेर ठेवणं केव्हाही चांगलं, चामडं आणि लाकूड ओल धरून बसतात आणि ती ओल रात्रंदिवस पात्याला चिकटलेली राहते. पातं ऍसिड-फ्री टिश्यू पेपरमध्ये सैलसं गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की वाळवून परत. पेटी ओकच्या लाकडाची किंवा नव्या प्लायवूडची नको, त्यांतून आंबट वाफा येतात. घरात मुलं असतील तर कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडे.

राहता राहिला कायदा. तुम्ही जिथे राहता तिथे एवढ्या लांब पात्याचं शस्त्र घरात ठेवायला, बाळगायला, कुरिअरने पाठवायला काय नियम आहेत ते विकत घ्यायच्या आधी विचारून घ्या, नंतर नव्हे. खुद्द चीनमध्येसुद्धा तिबेटी लोकांना पारंपरिक सुऱ्या बाळगायची सूट त्यांच्या स्वायत्त भागापुरतीच आहे, रेल्वेत आणि विमानात ती चालत नाही. विमानाने आणायची असेल तर केबिनमध्ये कधीच नाही, आणि चेक-इनचंही एअरलाइनला आधी लेखी विचारा. पॅक करताना पातं तेल लावून म्यानात, म्यानाचं तोंड आणि मूठ मऊ दोरीने एकत्र बांधा म्हणजे हिसक्याने पातं बाहेर येणार नाही, आणि सगळ्याभोवती घट्ट ट्यूब. घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. थंड ठिकाणाहून आणलेल्या धातूवर घरातली दमट हवा लागली की दव धरतं, म्हणून बंद पार्सल तसंच एक दिवस खोलीत राहू द्या. मग उघडा, तीन तुकडे काढा कापडाचे, आणि पहिलं तेल त्याच संध्याकाळी लावा.